रोख मोजावी की कार्ड पुढे करावं? महागड्या इलेक्ट्रॉनिक खरेदीबद्दल वाचकांचे प्रश्न

लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरा, फोन असल्या मोठ्या खरेदीचे पैसे कसे द्यावेत, याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांतले आकडे हिशोब कळावा म्हणून घेतलेले आहेत, चलन कोणतंही धरा.

प्रश्न : ६०,०००च्या लॅपटॉपवर दुकानदार रोखीत पाच टक्के सोडायला तयार आहे. कार्डावर मात्र काही कमी करत नाही. सूट घ्यावी का?

आधी तो एवढे पैसे का सोडतोय ते पाहा. कार्डाच्या व्यवहारात दुकानदाराला साधारण एक ते तीन टक्के बँकेला आणि कार्ड कंपनीला द्यावे लागतात, शिवाय पैसे हातात यायला एक-दोन दिवस जातात. तेवढी सूट समजण्यासारखी आहे. पाच टक्के म्हणजे तो आणखी काहीतरी वाचवतोय. जुनं मॉडेल काढून टाकायचं असेल, महिन्याचं विक्रीचं लक्ष्य गाठायचं असेल, किंवा व्यवहार वहीबाहेर ठेवायचा असेल. पहिल्या दोन कारणांत गैर काही नाही. तिसरं कारण ओळखायची सोपी रीत म्हणजे पैसे काढण्याआधीच विचारायचं : पक्कं बिल मिळेल ना, त्यावर सिरियल नंबर असेल ना, आणि सूट वेगळ्या ओळीत दाखवणार ना? उत्तर देताना टाळाटाळ झाली तर सूट विसरा. वॉरंटी सहसा बिलाच्या तारखेपासून मोजली जाते. बिल नसेल तर कंपनी वस्तू कारखान्यातून किंवा गोदामातून निघाल्याच्या तारखेपासून मोजते किंवा दुरुस्तीला सरळ नकार देते. चोरीची तक्रार आणि विम्याचा दावा यांनाही तोच कागद लागतो.

बिल पक्कं असेल तर कार्ड न वापरल्यामुळे आपलं काय जातं ते मोजू. कार्डावरचे पॉइंट बहुधा एका टक्क्याच्या आसपास असतात. ४५ दिवस पैसे आपल्याच खात्यात राहिले आणि त्यावर वार्षिक सहा टक्के मिळत असतील, तर ६०,०००वर साधारण ४४४ सुटतात, म्हणजे पाऊण टक्का. दोन्ही मिळून पावणेदोन टक्के झाले, पाच टक्क्यांपुढे ते काहीच नाहीत. उरतो तो कार्डावरचा तक्रारीचा हक्क, म्हणजे माल आला नाही किंवा चुकीचा निघाला तर बँकेमार्फत पैसे परत मागण्याची सोय. वस्तू समोर आहे, चालू करून पाहिलीय, आणि दुरुस्ती दुकानाकडे नसून कंपनीच्या सेवा केंद्राकडे आहे, अशा वेळी त्या हक्काची फारशी गरज पडत नाही. तेव्हा सूट घ्या. पण माल पुढच्या आठवड्यात येणार असेल, किंवा विक्रेता अनोळखी असेल, तर पाच टक्क्यांपेक्षा तो हक्क मोलाचा आहे.

प्रश्न : ‘बिनव्याजी हप्ते’ खरंच बिनव्याजी असतात का?

बँक फुकट पैसे देत नाही. व्याज कंपनी भरते, दुकानदार भरतो, किंवा तुमची सूट कापून तुमच्याकडूनच घेतलं जातं. तिसरा प्रकार शोधायला काउंटरवर एकच प्रश्न पुरतो : ‘आत्ता सगळे पैसे एकदम दिले तर शेवटचा भाव काय?’

समजा एकरकमी भाव ५७,००० आहे आणि हप्त्यांत ५,०००चे बारा हप्ते, म्हणजे ६०,००० भरायचे आहेत. तुम्ही ५७,००० उसने घेतलेत आणि त्यावर ३,००० व्याज देताय. हे पाच टक्के व्याज वाटतं, पण तसं नाही, कारण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं. वर्षभर सगळे ५७,००० तुमच्याकडे नसतातच. अंदाजी दर काढायचा तर एकूण व्याजाला २४ ने गुणा आणि (मुद्दल × (हप्त्यांची संख्या + १)) याने भागा. इथे तो वार्षिक साडेनऊ-पावणेदहा टक्के येतो. तेच ३,००० सहा हप्त्यांत दिले तर दर १८ टक्क्यांवर जातो, आणि तीन हप्त्यांत दिले तर ३१ च्या पुढे. सुटलेली सूट तेवढीच राहिली आणि मुदत आखडली की उधारी महाग पडते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ‘फक्त तीनच हप्ते आहेत, काय बिघडतं’ म्हणून सूट सोडणारा सगळ्यांत जास्त व्याज मोजत असतो.

यात प्रक्रिया शुल्क मिळवायला विसरू नका. बारा हप्त्यांच्या वरच्या उदाहरणात सुरुवातीला १,००० शुल्क गेलं, तर साडेनऊचा दर १३ टक्क्यांच्या घरात जातो. ‘फ्लॅट आठ टक्के’, म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर आठ टक्के, असं कुणी सांगितलं तर तोही याच सूत्राने तपासा. ६०,०००वर वर्षाला ४,८०० व्याज आणि बारा हप्ते, म्हणजे खरा दर साडेचौदा टक्क्यांच्या आसपास. एकरकमी आणि हप्त्याचा भाव अगदी सारखाच असेल, शुल्कही नसेल, तर मात्र हप्ते जरूर घ्या. अशी योजना क्वचित का होईना, असते.

वस्तू परत केली की हप्ते आपोआप थांबतील असं धरू नका. दुकानाकडून परत आलेली रक्कम कार्डावर जमा होते, पण बँकेकडची हप्त्यांची योजना बऱ्याचदा वेगळी रद्द करावी लागते. परताव्याचा संदर्भ क्रमांक घेऊन बँकेला लेखी कळवा. प्रक्रिया शुल्क बहुधा परत मिळत नाही.

प्रश्न : टीव्ही कार्डावर घेतला. ६०,०००च्या बिलापैकी ५५,००० वेळेत भरले, ५,००० राहिले. महिना तीन टक्क्यांनी १५० व्याज येईल असं वाटलं होतं, आलं २,७००. बँकेचा हिशोब चुकला का?

बहुधा नाही. अनेक बँकांच्या करारात बिनव्याजी मुदत ही सगळं बिल फेडणाऱ्यालाच मिळते. थोडी जरी रक्कम राहिली तरी मुदत संपूर्ण रद्द होते आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून, पूर्ण रकमेवर लागतं. समजा खरेदी ५ तारखेला झाली, बिल ३० ला निघालं, आणि भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची २०. म्हणजे ४५ दिवस. ६०,०००वर वार्षिक ३६ टक्क्यांनी ४५ दिवसांचे २,६६३ होतात. पुढे पुढच्या बिलापर्यंतच्या दहा दिवसांचे ५,०००वर आणखी ४९. तुमचे २,७०० असे जमले. शिवाय जुनी बाकी शून्य होईपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, किराणा घेतला तरी त्याच दिवसापासून मीटर चालू. सगळीकडे असं नाही. अमेरिकेत २००९ च्या कायद्यानंतर वेळेत भरलेल्या भागावर असं व्याज लावता येत नाही. आपला करार काय म्हणतो ते मात्र खरेदीआधी वाचलेलं बरं.

पुढच्या वेळी पैसे कमी पडणार असं दिसलं, तर शेवटच्या तारखेआधी बँकेला सांगून त्या एका खरेदीचे हप्ते करून घ्या. १४-१५ टक्क्यांचा हप्ता ३६ टक्क्यांच्या थकबाकीपेक्षा कितीतरी स्वस्त. आणि खात्यातून आपोआप भरणा लावला असेल तर तो ‘एकूण देय रक्कम’ यावर आहे की ‘किमान रक्कम’ यावर, हे आजच उघडून पाहा. मूळ निवड किमान रकमेची असू शकते.

याच पत्रात शेवटी विचारलंय की रोख सूट मिळवण्यासाठी क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढले तर? काढू नका. रोख उचलीला बिनव्याजी दिवस नसतात, वर शुल्क वेगळं.

प्रश्न : ऑनलाइन कॅमेरा मागवला. खोक्यात दुसरंच, स्वस्त मॉडेल निघालं. विक्रेता म्हणतो, आम्ही बरोबरच पाठवलं. पैसे क्रेडिट कार्डाने दिलेत. आता काय?

चार्जबॅकसाठी अर्ज करा. कार्डाने व्यवहार झाला की बँकेमार्फत तो व्यवहार उलटवण्याची मागणी करता येते. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा तक्रारीला साधारणपणे १२० दिवस असतात, ते व्यवहाराच्या किंवा माल मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात. बँकेची स्वतःची मुदत याहून कमी असू शकते, म्हणून थांबू नका. डेबिट कार्डालाही हीच सोय आहे. फरक एवढाच की क्रेडिट कार्डात वाद चालू असताना अडकलेला पैसा बँकेचा असतो, डेबिटमध्ये तुमचा.

पहिलं काम विक्रेत्याला लिहिण्याचं, फोनवर बोलण्याचं नव्हे. ऑर्डर क्रमांक, मागवलेलं मॉडेल, आलेलं मॉडेल, आणि ‘अमुक तारखेपर्यंत बदलून द्या किंवा पैसे परत करा’ एवढंच ईमेलमध्ये लिहा. बँक पहिल्यांदा हेच विचारते : विक्रेत्याशी बोललात का, त्याने काय उत्तर दिलं? तोंडी बोलणं पुराव्यात धरत नाहीत. उत्तर आलं नाही किंवा नकार आला की बँकेच्या तक्रार अर्जात कारण निवडा. इथेच सगळ्यांत जास्त तक्रारी बाद होतात. तुमचं कारण ‘वर्णनाप्रमाणे वस्तू नाही’ हे आहे. रागाच्या भरात ‘फसवणूक, हा व्यवहार मी केलाच नाही’ यावर खूण केलीत, तर बँक ओटीपी तुमच्याच फोनवर आल्याचं दाखवते आणि प्रकरण तिथेच मिटतं.

सोबत जोडा : बिल, वेबसाइटवरच्या वर्णनाचा स्क्रीनशॉट (ते पान बदलण्याआधी घ्या), पार्सलवरच्या चिठ्ठीचा फोटो, त्यावरचं वजन, आणि वस्तूवरचा सिरियल नंबर स्पष्ट दिसेल असा फोटो. वजन ऐकायला किरकोळ वाटतं, पण पुराव्यात ते भक्कम ठरतं. कंपनीच्या माहितीपत्रातलं कॅमेऱ्याचं वजन आणि चिठ्ठीवरचं वजन जुळत नसेल तर विक्रेत्याला उत्तर देणं जड जातं. खोकं उघडतानाचं एका दमातलं, न कापलेलं चित्रीकरण असेल तर आणखी उत्तम, त्यात बंद खोक्याच्या सहाही बाजू आधी दिसल्या पाहिजेत.

बँक बऱ्याचदा रक्कम तात्पुरती जमा करते. ती खर्चून टाकू नका. विक्रेत्याला पुरावा देऊन उत्तर द्यायचा हक्क असतो, आणि त्याचं म्हणणं पटलं तर जमा झालेली रक्कम परत काढून घेतली जाते. वाद चालू असला तरी बिलातली बाकीची रक्कम वेळेत भरा. वादातली रक्कम रोखून ठेवता येते का, हे बँकेकडून लेखी घ्या, नाहीतर विलंब शुल्क पडतं. आलेली चुकीची वस्तू पॅकिंगसह जपून ठेवा. ती वापरायला काढलीत किंवा विकलीत तर तक्रारच पोकळ होते. आणि एक स्पष्ट सांगायला हवं : ‘रंग आवडला नाही’, ‘दुसरीकडे स्वस्त मिळतोय’ यासाठी चार्जबॅक नाही. त्यासाठी दुकानाचं परतीचं धोरण.

प्रश्न : नवीन मॉडेलसाठी आगाऊ रक्कम मागतायत. ती रोख दिली तर चालेल का?

रोख देऊ नका. माल यायच्या आत दुकान बंद पडलं तर रोख देणारा बाकीच्या घेणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी उभा राहतो. कार्डाने दिली असेल तर ‘माल मिळाला नाही’ या कारणाखाली दाद मागता येते, तिथे मुदत माल येणार असलेल्या तारखेपासून मोजतात. म्हणून ती तारीख पावतीवर लिहून घ्या. ‘आल्यावर कळवू’ हे चालणार नाही.

काही देशांत कायदा याहून पुढे जातो. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक पत कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे १०० पौंडांहून महाग आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तूसाठी क्रेडिट कार्ड देणारी बँक विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. गंमत म्हणजे फक्त आगाऊ रक्कम कार्डाने दिली आणि बाकी रोख, तरी संरक्षण पूर्ण किमतीला मिळतं. चार्जबॅकचं तसं नाही, तिथे जेवढे कार्डाने गेले तेवढेच परत.

प्रश्न : कार्ड मशीनमध्ये घातलं, ‘नाकारलं’ आलं, पण खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला. दुकानदार पुन्हा स्वाइप करा म्हणतो.

लगेच करू नका. नाकारल्याची छापील पावती मागा आणि ती फेकू नका, त्यावर व्यवहाराचा क्रमांक आणि नकाराचं कारण असतं. मग बँकेच्या ॲपमध्ये पाहा. रक्कम ‘प्रलंबित’ दिसली तर ती नुसती अडवून ठेवलेली आहे, दुकानाने ती उचलली नाही तर काही दिवसांत सुटते. ‘पूर्ण झाला’ दिसलं तर दुकानदाराला मशीनवरचा दिवसाचा हिशोब काढून तपासायला सांगा.

मोठ्या खरेदीत नकार येण्याची नेहमीची कारणं दोन. एक, कार्डाची मर्यादा भरपूर असली तरी एका दिवसाची किंवा एका व्यवहाराची मर्यादा कमी ठेवलेली असते. ती ॲपमधून आदल्या दिवशी वाढवा आणि काम झालं की पुन्हा उतरवा. दुसरं, एरवी हजार-दोन हजारांचे व्यवहार करणाऱ्या कार्डावर एकदम साठ हजार आले की बँकेच्या यंत्रणेला संशय येतो. अशा वेळी तीन-चार वेळा स्वाइप केलंत तर कार्डच बंद होतं. बँकेच्या फोनला उत्तर द्या, व्यवहार आपलाच असल्याचं सांगा, मग एकदाच प्रयत्न करा.

प्रश्न : कार्डाला दोन टक्के जादा लावतात. द्यावेत का?

एक टक्का पॉइंटसाठी दोन टक्के देण्यात अर्थ नाही. माल समोर असेल तर बँकेतून थेट खात्यावर पाठवा. युरोपीय संघात बहुतेक ग्राहक कार्डांवर असा अधिभार जानेवारी २०१८ पासून बंद आहे. इतरत्र आपल्या देशाचा नियम आणि दुकानाचा बँकेशी असलेला करार पाहावा लागतो. द्यायचेच झाले तर ते दोन टक्के बिलावर वेगळ्या ओळीत छापून घ्या.

प्रश्न : रोखच द्यायची ठरवली आहे. काउंटरवर काय सांभाळावं?

क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी वस्तू, मग बिल, मग पैसे. खोक्याचं सील पाहा, उघडून वस्तू चालू करा, आणि सिरियल नंबर चार ठिकाणी ताडा : खोक्यावर, वस्तूच्या पाठीवर, सेटिंगमध्ये आणि बिलावर. फोन असेल तर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबल्यावर येणारा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा १५ आकडी ओळख क्रमांक, खोक्यावरच्याशी जुळवा. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, दोन्ही बिलावर हवेत.

नोटा शक्यतो त्याच दिवशी बँकेतून काढलेल्या असाव्यात आणि दुकानदाराच्या मोजणी यंत्रातून तुमच्या डोळ्यांसमोर जाव्यात. तुम्ही दारातून बाहेर पडल्यावर ‘यातली एक खोटी आहे’ हा वाद कुणालाच सिद्ध करता येत नाही. बिलावर ‘रोख मिळाले’ असा शेरा, तारीख, शिक्का. ‘रक्कम बाकी’ अशी छापील ओळ तशीच राहिली असेल तर ती खोडून सही घ्या.

रोख व्यवहाराला कायद्याची मर्यादा असते हेही ध्यानात असू द्या. फ्रान्समध्ये तिथल्या रहिवाशाने व्यापाऱ्याला द्यायची रोख १,००० युरोपर्यंतच, इटलीत २०२३ पासून मर्यादा ५,००० युरोंची. भारतात एका व्यवहारासाठी दोन लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारता येत नाही, आणि दंड घेणाऱ्याला होतो. एकाच बिलाचे तुकडे पाडून वेगवेगळ्या दिवशी दिले तरी व्यवहार एकच धरला जातो.

परतीचाही विचार करा. रोख दिलेली रक्कम अनेक दुकानं रोखीत परत न देता तेवढ्या किमतीचं कूपन हातात ठेवतात. धोरण पावतीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत असतं, पैसे देण्याआधी वाचा.

प्रश्न : ८०,०००च्या मर्यादेवर ६०,००० खर्च केले तर क्रेडिट स्कोअर (कर्ज देताना बँका बघतात तो आकडा) पडेल?

थोडा पडू शकतो, कारण मर्यादेचा ७५ टक्के वापर दिसतो. ३० टक्क्यांच्या खाली ठेवावा असं सांगतात. बँक बहुधा बिल निघतानाची बाकी कळवते, तेव्हा बिल निघण्याआधीच रक्कम भरून टाका. पुढच्या महिन्यात घरासाठी कर्ज मागणार नसाल तर एवढी काळजी करू नका, बाकी उतरली की स्कोअर सावरतो.

प्रश्न : एका माणसाकडून वापरलेला फोन घेतोय. कार्ड चालणार नाही. पैसे कसे द्यावेत?

इथे चार्जबॅक नाही, म्हणून सगळी खात्री पैशांआधी. विक्रेत्याने स्वतःचं खातं सेटिंगमधून काढायला हवं, मग तुमच्यासमोर फोन मूळ स्थितीला आणायला हवा. नुसता रीसेट केला आणि खातं राहिलं, तर आयफोन आणि ॲन्ड्रॉइड दोन्ही सुरू होताना जुन्या मालकाचा पासवर्ड मागतात आणि फोन तुमच्या कामाचा राहत नाही. म्हणून स्वागताच्या पडद्यापासून थेट मुख्य पडद्यापर्यंत स्वतः जाऊन पाहा. आपलं सिम घालून फोन लावा, चोरीचा म्हणून नोंदलेला फोन बहुधा नेटवर्क पकडत नाही. पण नोंद उशिरा होऊ शकते, म्हणून आयएमईआय चोरीच्या यादीत शोधण्याची अधिकृत सोय असेल तर तीही वापरा. मूळ बिल मागा, आणि फोन हप्त्यांवर घेतलेला असेल तर ते फिटल्याचा कागद.

मग पैसे त्याच माणसाच्या नावाच्या बँक खात्यात पाठवा, म्हणजे निदान कुणाला दिले याची नोंद राहते. पेपालसारख्या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेत ‘मित्र आणि कुटुंबीय’ हा पर्याय घ्यायला सांगितलं तर नकार द्या, त्यात खरेदीचं संरक्षण नसतं. रोखच द्यायची तर कागदावर दोघांची नावं, आयएमईआय, रक्कम, तारीख आणि ‘हा फोन माझ्या मालकीचा असून त्यावर कोणाचं देणं नाही’ एवढं वाक्य लिहून सही घ्या, आणि ओळखपत्र पाहून सही जुळवा.